कॉल नेमका कितव्या सेकंदाला तुटतो, ते आधी लिहून ठेवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. परिस्थिती थोडक्यात अशी: पंचवीस जणांचं ऑफिस, चार महिन्यांपूर्वी जुन्या लाइनी आणि जुनं एक्सचेंज काढून इंटरनेटवर चालणारी फोन सिस्टीम घेतली. फोनचा सर्व्हर ऑफिसातच आहे, बाहेरच्या कॉलसाठी एका कंपनीची सिप ट्रंक (इंटरनेटवरून मिळणारी फोन लाइन) आहे आणि पाच-सहा जण घरून काम करतात. तक्रारी तीन. रोज अकराच्या सुमारास आवाज तुटायला लागतो. बाहेरून आलेले काही कॉल अर्ध्या मिनिटात आपोआप कट होतात. आणि कधी कधी समोरच्याला आपलं बोलणं ऐकू जातं, पण त्याचं आपल्याला येत नाही. इंटरनेट १०० एमबीपीएसचं, स्पीड टेस्ट चांगली येते. म्हणून तुम्ही विचारताय, की ट्रंक देणारी कंपनी बदलावी का आणि पुढे ही सिस्टीम सांभाळायची कशी.

कंपनी बदलू नका, निदान अजून तरी नाही. या तीन तक्रारींमागे माझ्या अंदाजानं दोन वेगवेगळे दोष आहेत, आणि दोन्ही तुमच्या राउटरपाशीच सापडतील. कंपनी बदललीत तर तेच दोष नव्या कंपनीच्या नावावर चालू राहतील. मी सोळा वर्षं हेच काम करते आहे. बिघाडाची पहिली खूण मी नेहमी घड्याळात शोधते: कॉल कितव्या सेकंदाला तुटला, दिवसाच्या कुठल्या वेळी आवाज खराब झाला, कॉल आत येणारा होता की बाहेर जाणारा. "फोन नीट चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. "उचलल्यावर बरोबर बत्तीस सेकंदांनी कट झाला" असं कुणी सांगितलं, की निम्मं निदान तिथेच होतं.

ते कसं, हे समजायला एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. फोनचा एक कॉल म्हणजे दोन वेगळे प्रवाह. पहिला निरोपांचा: अमुक नंबरला घंटी दे, उचलला, ठेवला. हे काम सिप या प्रोटोकॉलचं, म्हणजे निरोपांच्या ठरलेल्या भाषेचं. त्याचे आजचे नियम २००२ सालच्या आरएफसी ३२६१ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजातले. दुसरा प्रवाह आवाजाचा, तो आरटीपी नावाच्या वेगळ्या प्रोटोकॉलमधून जातो. दोघांचे पोर्ट (नेटवर्कवरची क्रमांकांची दारं) वेगळे, बऱ्याचदा वाटाही वेगळ्या. जुन्या लाइनीत तारेची एकच जोडी घंटीही आणायची आणि आवाजही, त्यामुळे हे दोन भाग वेगळे आहेत हे कधी जाणवत नसे. इथे मात्र निरोप पोचला म्हणून आवाज पोचेलच असं नाही.

आता तुमची दुसरी आणि तिसरी तक्रार एकत्र घेऊ, कारण त्यांचं मूळ बहुधा एकच आहे.

तुमच्या सर्व्हरचा पत्ता ऑफिसच्या आतला आहे, १९२.१६८ किंवा १० नं सुरू होणारा. असे पत्ते फक्त घरातल्या घरात चालतात, बाहेरच्या इंटरनेटला त्यांचा काही अर्थ लागत नाही. राउटर पॅकेट (माहितीचा छोटा गठ्ठा) बाहेर सोडताना त्यावरचा आतला पत्ता काढून बाहेरचा लावतो. पण सिपचा निरोप म्हणजे पाकिटातली चिठ्ठी. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो. आत चिठ्ठीत सर्व्हरनं स्वतःच्या हातानं लिहिलेला पत्ता तसाच राहतो. "मला आवाज इथे पाठवा" आणि "पुढचे निरोप इथे द्या" असं चिठ्ठीत लिहिलेलं असतं, आणि पत्ता दिलेला असतो आतला. समोरची बाजू इमानदारीनं त्या पत्त्यावर आवाज पाठवते, तो कुठेच पोचत नाही. तुमचा आवाज त्यांना जातो, त्यांचा तुम्हाला येत नाही.

मग हे सगळ्याच कॉलला का होत नाही? कारण बऱ्याच कंपन्यांचे सर्व्हर चिठ्ठीतला पत्ता बाजूला ठेवून, आवाज जिथून आला तिथेच उत्तराचा आवाज पाठवतात. त्यामुळे चुकीची सेटिंग महिनोन्‌महिने झाकली जाते. कॉल वेगळ्या मार्गानं आला किंवा घरून काम करणाऱ्याकडे ट्रान्सफर झाला, की ती उघडी पडते.

अर्ध्या मिनिटाचं गणितही याच पत्त्याशी जोडलेलं आहे. बाहेरून कॉल येतो, तुमच्याकडे कुणी उचलतो, सर्व्हर "उचलला" असा निरोप पाठवतो. त्याची पोच समोरच्यानं द्यायची असते. ती पोच चिठ्ठीतल्या पत्त्यावर, म्हणजे कुठेच नाही, अशी जाते. सर्व्हर पुन्हा निरोप पाठवतो: अर्ध्या सेकंदानं, मग एका, मग दोन, मग चार आणि पुढे दर चार सेकंदांनी. एकूण बत्तीस सेकंद वाट बघतो. आरएफसीत मूळ घटक ५०० मिलिसेकंदांचा आणि मर्यादा त्याच्या ६४ पट, म्हणून बत्तीस. तेवढ्यात पोच आली नाही तर कॉल उभाच राहिला नाही असं धरून तो स्वतःच बंद करतो. बोलणारी दोन माणसं मधल्या वेळात आरामात बोलत असतात, आणि वाक्याच्या मध्येच लाइन जाते.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर सर्व्हरवर एसएनग्रेप नावाचं छोटं साधन चालवा आणि मोबाइलवरून ऑफिसला कॉल करा. पडद्यावर बाण दिसतात, डावीकडून उजवीकडे आणि उलट. निरोगी कॉलमध्ये "२०० ओके" म्हणजे उचलल्याचा निरोप एकदा जातो आणि लगेच समोरून पोचेचा "अ‍ॅक" येतो. आजारी कॉलमध्ये तोच "२०० ओके" एकाखाली एक आठ-दहा वेळा दिसतो, त्यांमधलं अंतर वाढत जातं आणि परतीचा बाण एकही नसतो. त्या निरोपावर एंटर दाबून आतला मजकूर उघडा. त्यात 'कॉन्टॅक्ट' अशी एक ओळ असेल आणि खालच्या भागात 'सी' अक्षरानं सुरू होणारी दुसरी. दोन्हींत १९२.१६८ दिसलं, की शोध संपला.

उपाय दोन भागांत. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता आणि आतलं नेटवर्क कुठलं, हे दोन्ही भरा. अ‍ॅस्टरिस्क असो, फ्रीपीबीएक्स असो की फ्रीस्विच, फोन सर्व्हरच्या या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ही जागा आहे. आवाजासाठी जी पोर्टची रेंज सर्व्हरमध्ये लिहिली असेल, तीच राउटरमध्ये सर्व्हरकडे वळवा, आणि शक्यतो फक्त ट्रंक कंपनीच्या पत्त्यांवरून येणाऱ्या पॅकेटांसाठी. दुसरा भाग म्हणजे राउटरमधलं 'सिप एएलजी' बंद करणं. ही सोय चिठ्ठीतला पत्ता राउटरनंच दुरुस्त करावा म्हणून आणली होती. हेतू चांगला, पण बहुतेक राउटरमध्ये ती अर्धवट बनवलेली असते: एक ओळ बदलते, दुसरी तशीच ठेवते, कधी पोर्टच चुकीचा घालते. मी नव्या ऑफिसात गेले की सर्वांत आधी ती बंद करते आणि राउटर एकदा बंद-चालू करते. राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर ती पुन्हा चालू झालेली मी अनेकदा पाहिली आहे, म्हणून अपडेटनंतर पुन्हा तपासा.

इथे एक गोष्ट तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या इंटरनेट कनेक्शनला स्वतःचा, न बदलणारा पत्ता आहे का? कनेक्शन देणाऱ्यानं अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता दिला असेल, तर वरचा निम्मा उपाय चालणार नाही. आधी कायमचा पत्ता मागून घ्या. तो मिळतच नसेल तर सर्व्हर ऑफिसात ठेवण्याचा हट्ट सोडा आणि होस्टेड सेवा, म्हणजे कंपनीच्याच सर्व्हरवर चालणारी फोन सिस्टीम, घ्या.

घड्याळाच्या आणखी दोन खुणा सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडतील. कॉल पंधरा किंवा तीस मिनिटांच्या आसपास तुटत असेल तर सेशन टायमरकडे बघा. बऱ्याच ठिकाणी तो १८०० सेकंदांचा असतो आणि अर्ध्यावर, म्हणजे ९०० सेकंदांनी, "कॉल चालू आहे ना?" अशी विचारणा होते, ती वाटेत अडली तर कॉल जातो. दुसरी खूण जास्त फसवी आहे. फोनवरून बाहेर कॉल लागतो, पण येणारा कॉल वाजत नाही. आणि बाहेर एक कॉल केल्यावर थोडा वेळ येणारेही वाजायला लागतात. घरून काम करणाऱ्यांकडे हे हमखास होतं. राउटरनं त्या फोनसाठी उघडलेली वाट वापर नसल्यामुळे बंद केलेली असते. कित्येक राउटर ३० सेकंदांतच ती मिटतात. फोनच्या सेटिंगमध्ये 'कीप अलाइव्ह' वीस-पंचवीस सेकंदांवर ठेवा.

आता अकरा वाजताचा तुटका आवाज.

"१०० एमबीपीएस असूनही असं का?" हा प्रश्न मला प्रत्येक ऑफिसात विचारला जातो, म्हणून आकडे मांडते. नेहमीचा कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करायची पद्धत, जी.७११. हे मानक १९७२ सालचं आहे आणि आजही बहुतेक बाहेरचे कॉल त्यावरच चालतात. सेकंदाला ८००० नमुने, ६४ केबीपीएस. दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये, म्हणजे १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्त्यांचा मजकूर. सेकंदाला अशी ५० पॅकेटं, म्हणजे प्रत्येक दिशेला ८० केबीपीएस. इथरनेटचा भार धरला तर साधारण ८७. पंचवीसच्या पंचवीस जण एकाच वेळी बोलले तरी सव्वादोन एमबीपीएसच्या आत काम होतं. तेव्हा अडचण जागेची नाही, रांगेची आहे.

स्पीड टेस्ट सांगते, की सेकंदाला किती माल गेला. आवाजाला वेगळंच लागतं: प्रत्येक पॅकेट वेळेवर आणि सारख्या अंतरानं पोचणं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंत एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक संभाषणांना त्रास देत नाही. त्यापुढे माणसं एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकायला लागतात. आणि उशीर कमी-जास्त होत राहिला तर फोन थोडं सावरून घेतो, पण फार मागे पडलेली पॅकेटं त्याला टाकून द्यावी लागतात. तेव्हाच आवाज फाटतो, शब्दांची टोकं गळतात.

तुमच्यासारख्याच एका ऑफिसात मी रिसेप्शनच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले होते. ट्रंक कंपनीच्या सर्व्हरला पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात याची मोजणी) सुरू होतं: २४, २५, २४, २६. अकरा वाजून पाच मिनिटांनी आकडे चढायला लागले. ८०, २१०, ४६०, मग सातशेच्या वर, आणि तिथेच थांबले. शेजारी रिसेप्शनिस्ट "हॅलो, ऐकू येतंय का?" असं तिसऱ्यांदा विचारत होत्या. अकाउंट्सच्या खोलीत जाऊन पाहिलं, तर त्यांच्या कंप्युटरवरून ऑनलाइन बॅकअप चढत होता, रोज अकराला ठरवून लावलेला. अपलोडची वाट त्यानं काठोकाठ भरली होती आणि आवाजाची पॅकेटं त्याच्यामागे रांगेत उभी होती. त्या दिवशीही स्पीड टेस्ट उत्तमच आली असती.

तुम्ही हेच करून बघा. अकराच्या आधी पिंग सुरू करा आणि चालू ठेवा. आकडे चढले तर बॅकअप, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, मोठ्या फाइली, असं अपलोड करणारं काय आहे ते शोधा. बॅकअप रात्रीवर ढकलणं हा पाच मिनिटांचा उपाय आहे, पण उद्या दुसरं कुणी काहीतरी चढवेल. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये अपलोडला खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर मर्यादा घालणं. ऐकायला उलटं वाटतं, वेग कमी करून आवाज कसा सुधारेल? पण वाट पूर्ण भरू दिली तर रांग कनेक्शन देणाऱ्याच्या यंत्रात लागते, तिथे तुमचं काही चालत नाही. मर्यादा थोडी खाली ठेवली की रांग तुमच्या राउटरमध्ये लागते आणि पुढे कुणाला सोडायचं ते तुम्ही ठरवता. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक असा रांग सांभाळणारा पर्याय असेल तर तो निवडा, बाकी फारसं काही करावं लागत नाही. फोन आणि सर्व्हरवर आवाजाच्या पॅकेटांना डीएससीपी ४६ ची, म्हणजे "यांना आधी सोडा" अशी, खूण लावा. पण ती तुमच्या स्विच-राउटरपुरतीच धरा, बाहेरच्या इंटरनेटवर तिला सहसा कुणी विचारत नाही. त्या ऑफिसात मर्यादा लावल्यावर बॅकअप चालू असतानाही पिंग चाळीसच्या वर गेलं नाही.

कुणी तुम्हाला "कोडेक बदलून जी.७२९ करा, जागा वाचेल" असं सुचवेल. आवाजाचे ८ केबीपीएस होतात खरे, पण पत्त्यांचा मजकूर तेवढाच राहत असल्यामुळे प्रत्यक्षात २४ लागतात. आवाज दबका होतो, आणि रांगेचा दोष आहे तिथेच राहतो. टेबलावरचे फोन वायफायवर असतील तर तारेवर आणा, याबद्दल मी कधी तडजोड करत नाही. स्विच पीओई असेल तर फोनला वीजही त्याच तारेतून मिळते, आणि स्विच, राउटर व सर्व्हर यूपीएसवर असले की वीज गेल्यावरही फोन चालतात.

सांभाळण्याबद्दल विचारलंत त्यात सर्वांत आधी सुरक्षा, कारण तिथली चूक एका शनिवार-रविवारात महिन्याच्या बिलापेक्षा जास्त खड्डा पाडते. माझ्या एका ग्राहकानं मला न सांगता घरून काम करणाऱ्या एकासाठी सिपचा नेहमीचा ५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडा केला आणि एक्सटेन्शन १०५ चा पासवर्डही १०५ च ठेवला. शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत त्या एक्सटेन्शनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर एकामागून एक कॉल चालू होते. या चोरीचा धंदा सरळ आहे: त्या नंबरांवर येणाऱ्या कॉलच्या पैशातला वाटा चोराला मिळतो, म्हणून त्याला बोलायचं काहीच नसतं, फक्त कॉल चालू राहायला हवा. उघडा ५०६० शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. पोर्टचा नंबर बदलल्यानं खडखडाट कमी होतो, दार बंद होत नाही.

म्हणून परदेशी कॉल सर्व्हरवर आणि कंपनीकडे, दोन्हीकडे बंद ठेवा. लागणाऱ्या देशांपुरतेच उघडा. कंपनीकडे रोजच्या खर्चाची मर्यादा लावून घ्या, ती मर्यादा लिहून मागा. ट्रंक फक्त तिच्याच पत्त्यांशी बोलेल असं फायरवॉलमध्ये बसवा. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या बंदिस्त वाटेनं, आणा. पासवर्ड प्रत्येक फोनचा वेगळा आणि यंत्रानं तयार केलेला लांबलचक. तो फोनमध्ये एकदाच भरायचा असतो, पाठ करायचा नसतो. फेल२बॅन लावा, पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड देणाऱ्याचा पत्ता ते अडवतं. व्हॉइसमेलचे पिन विसरू नका, तिथून कॉल पुढे वळवण्याची सोय असते.

तातडीच्या कॉलचं काम आजच करा, बाकी सगळं उद्यावर गेलं तरी चालेल. २०१३ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एका हॉटेलात आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांची मुलगी ९११ हा तिथला तातडीचा नंबर फिरवत राहिली, पण कॉल लागला नाही, कारण त्या सिस्टीममध्ये बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत होता. त्यातून २०१८ मध्ये 'कॅरीज लॉ' हा कायदा आला: तातडीचा नंबर आधी काहीही न दाबता थेट लागला पाहिजे. कायदा तिथला, पण चूक कुठल्याही सर्व्हरमध्ये असू शकते. तुमच्या डायल प्लॅनमध्ये (कुठला नंबर कसा लावायचा, या सर्व्हरमधल्या नियमांत) तातडीचे नंबर थेट जातात का ते बघा. घरून बोलणाऱ्याचा कॉलही ऑफिसच्या नावानं जातो, मदत ऑफिसच्या पत्त्यावर पोचू शकते. त्यांना स्पष्ट सांगून ठेवा, की अशा वेळी मोबाइल वापरा.

रोजच्या देखभालीत मी फार थोड्या गोष्टी करते, पण नेमानं करते. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी बाहेरून एक कॉल आत आणि आतून एक बाहेर. कॉलच्या नोंदींवर आठवड्यातून एकदा नजर: रात्रीचे कॉल, अनोळखी देश, तीस-बत्तीस सेकंदांचे कॉल अचानक वाढलेत का. फोनचं घड्याळ बरोबर आहे ना, कारण एन्क्रिप्शन चालू असेल तर चुकीच्या तारखेचा फोन प्रमाणपत्र नाकारतो आणि रजिस्टरच होत नाही. सेटिंगचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून चालतो का, हे तीन महिन्यांतून एकदा. न उतरवलेल्या बॅकअपवर माझा भरवसा नाही. फर्मवेअर आधी एका फोनवर, आठवडाभर थांबून मग बाकीच्यांवर. आणि कॉल रेकॉर्ड करत असाल तर डिस्क. साध्या वेव्ह फाइलमध्ये तासाला सुमारे ५८ एमबी लागतात. पंचवीस जण रोज तीन-तीन तास बोलले तर दिवसाला चार जीबीच्या वर. डिस्क भरली की सर्व्हर सरळ बंद पडत नाही. आधी व्हॉइसमेल जात नाही, मग रेकॉर्डिंग रिकामी येतात, आणि लोक पुन्हा इंटरनेटला दोष देतात.

ही यादी वाचून "एवढं बघायला आमच्याकडे कुणी नाही" असं वाटलं, तर ते प्रामाणिकपणे मान्य करा. पंचवीस जणांच्या ऑफिसात तंत्राचं बघणारा माणूस नसेल तर मी स्वतः होस्टेड सेवाच सुचवते. सर्व्हर, बॅकअप, डिस्क हे त्यांच्याकडे जातं. रांगेचा प्रश्न, सिप एएलजी आणि पासवर्ड मात्र तेव्हाही तुमच्याकडेच राहतात.

कंपनी बदलणं केव्हा योग्य? वरचं सगळं केल्यावर, लाइन मोकळी असताना त्यांच्या सर्व्हरपर्यंत पॅकेटं सतत एक टक्क्याच्या वर हरवत असतील आणि दुसऱ्या कनेक्शनवरूनही तसंच दिसत असेल. किंवा तुम्ही वेळेसकट कॉलची नोंद पाठवूनही "आमच्याकडून सगळं ठीक आहे" एवढंच उत्तर येत असेल. तसं झालंच, तर नव्या कंपनीकडून आधी एक तात्पुरता नंबर घ्या आणि दोन आठवडे चार-पाच जणांचे बाहेर जाणारे कॉल त्यावरून करून बघा. मग जुना नंबर पोर्ट करायला, म्हणजे नव्या कंपनीकडे हलवायला, द्या. जुनं कनेक्शन बंद करायचा अर्ज तो नंबर नव्या ट्रंकवर प्रत्यक्ष वाजल्यावरच द्या. आधी बंद केलेला नंबर बहुधा पोर्ट होत नाही, आणि तुमच्या ग्राहकांकडे तोच नंबर आहे.